'भारत' हे नाव कोणाचं? शकुंतलेच्या मुलाचं की रावीकाठच्या टोळीचं?

गोदाकाठ (धागाकर्ते)

शाळेत एका ओळीत काम भागवलं होतं. दुष्यंत-शकुंतलेचा मुलगा भरत, सिंहाच्या छाव्याचा जबडा उघडून दात मोजणारा, त्याच्यावरून देशाचं नाव भारत. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. माझं म्हणणं असं, की हे नाव कुठल्याही एका राजाचं नाहीच. ते एका जनाचं, सरळ सांगायचं तर टोळीचं नाव आहे, आणि राजा भरत हा त्या नावाला मागाहून चिकटवलेला मूळपुरुष आहे.

ऋग्वेदात 'भरत' भेटतात ते बहुतेक वेळा घोळक्याने, अनेकवचनात. तिसऱ्या मंडलात विश्वामित्र सांगतो की त्याचा मंत्र 'भारतं जनम्' राखतो. 'जन' म्हटलंय, देश नाही. त्याच मंडलातलं तेहतिसावं सूक्त ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. विपाश आणि शुतुद्री म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, दोन्ही दुथडी भरून वाहतायत आणि विश्वामित्र त्यांची मनधरणी करतोय: बायांनो, जरा थांबा, गाडे आणि रथ घेऊन लांबून आलोय, पाणी आसाच्या खाली उतरू द्या. नद्या आधी आढेवेढे घेतात, मग ऐकतात. पलीकडे जाणारे कोण, तर भरत. त्यांच्यासाठी शब्द वापरलाय 'गव्यन् ग्राम', गाई मिळवायला निघालेला जथा. 'ग्राम' म्हणजे गाव नव्हे बरं का, अजून गाव वसायचं होतं. ही चालती माणसं आहेत.

सातव्या मंडलात पुरोहित बदललाय. आता वसिष्ठ आहे आणि भरतांचा राजा सुदास. परुष्णीच्या म्हणजे रावीच्या काठी दाशराज्ञ, म्हणजे दहा राजांशी, युद्ध होतं. समोर पुरू, अनू, द्रुह्यू, तुर्वश असे नामांकित जन, शिवाय पक्थ, भलान, अलिन, विषाणिन, शिव. एवढी आघाडी आणि तिच्यापुढे भरत कसे होते? वसिष्ठाच्याच सूक्तात वर्णन आहे: 'दण्डा इवेद् गोअजनास आसन् परिच्छिन्ना भरता अर्भकासः'. गुरं हाकायच्या काठ्यांसारखे, छाटलेले, लहानखुरे. पुढे वसिष्ठ अग्रणी झाला आणि मग यांचे लोक पसरले. स्वतःच्या यजमानाला कोणी उगाच 'अर्भक' म्हणणार नाही, म्हणून मला हे वर्णन खरं वाटतं.

तर अशी ही हरयाणा-पंजाबातली, सरस्वती-दृषद्वतीच्या आसपास अग्नी पेटवणारी छोटी टोळी. तिचं नाव पुढे हिमालयापासून समुद्रापर्यंत गेलं. राजा बिजा नंतर.

पाटीलवाडा

आला पुन्हा एक 'शाळेत खोटं शिकवलं' छाप धागा. साहेब, अभ्यास चांगला आहे, पण दुष्यंतपुत्र भरत हा काय कालिदासाने नाटकासाठी बनवला असं सुचवायचंय का? दात मोजायचा प्रसंग नाटकातला, मान्य. माणूस नाटकातला नाही.

शतपथ ब्राह्मणाचं तेरावं कांड काढा. अश्वमेध करणाऱ्या राजांच्या जुन्या गाथा तिथे दिल्यात. भरत दौःषन्तीने यमुनेकाठी ७८ आणि गंगेकाठी ५५ घोडे बांधले. त्याची आई शकुंतला, अप्सरा, असंही तिथेच आहे. ऐतरेय ब्राह्मणातही हाच राजा. हे ग्रंथ कालिदासाच्या शेकडो वर्षं आधीचे, आणि त्यात गाथा म्हणून जे उद्धृत केलंय ते आणखी जुनं. म्हणजे वैदिक काळातच लोकांना भरत नावाचा एक मोठा राजा ठाऊक होता, त्याचं साम्राज्य यमुना-गंगेपर्यंत होतं, आणि त्याच्या वंशजांना भारत म्हणत. गीतेत कृष्ण अर्जुनाला पदोपदी 'भारत' म्हणून हाक मारतो ती काय टोळीचा सभासद म्हणून? 'ग्लानिर्भवति भारत' म्हणजे हे भरतवंशजा! मूळपुरुष आधी, कूळ नंतर. यदूचे यादव, कुरूचे कौरव, पुरूचे पौरव, तसे भरताचे भारत. उलटं कसं होईल?

गोदाकाठ

पाटीलसाहेब, शतपथाचा दाखला वजनदार आहे, त्याला मी हात लावत नाही. दौःषन्ती भरत नावाचा राजा झाला असेल. प्रश्न असा की तो ऋग्वेदातल्या भरतांचा मूळपुरुष असू शकतो का?

दुष्यंत कोणत्या कुळातला? पुरूच्या. पौरव. नाटकात, महाभारतात, पुराणांत, सगळीकडे पौरव. आणि ऋग्वेदात भरतांचा रावीकाठी सामना कोणाशी? पुरूंशी. सातव्याच मंडलातल्या आठव्या सूक्तात भरताच्या अग्नीचं कौतुक कशासाठी केलंय पाहा: त्याने लढायांत पुरूला लोळवलं म्हणून. आता पुरूच्या वंशातल्या राजाच्या पोटी भरत टोळी जन्मली असेल, तर ही टोळी युद्धाच्या वेळीच हजर कशी? आणि आपल्याच पणजोबांच्या कुळाला हरवल्याचं गाणं कशी गाते?

मला दिसतं ते असं. युद्धानंतर भरत आणि पुरू हळूहळू एकमेकांत मिसळले आणि त्यातून कुरू उभे राहिले. मायकेल विट्झेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे बरंच तपशिलात मांडलंय. दोन घराणी एकत्र आली की भाट काय करतात? एकच वंशावळ शिवतात. जिंकलेल्याचं नाव, हरलेल्याचं कूळ. पौरव दुष्यंताचा मुलगा भरत ही मला त्या शिवणीची जागा वाटते.

शिवाय पुराणांत या भरताचा वंशही धड पुढे सरकत नाही. त्याचे मुलगे त्याच्यासारखे निघाले नाहीत, आयांनीच त्यांना मारलं, मग मरुतांनी भरद्वाज आणून दिला आणि वंश चालला. भरद्वाज म्हणजे कोण, तर ज्यांच्या घराण्याचं सहावं मंडल आहे आणि ज्यांनी भरतांच्या दिवोदासाची स्तुती गायली ते. इथेही टाके दिसतात.

चहाबिस्किट

धागा वाचनखुणेत टाकला. दोघांनाही दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

इराणी हॉटेल

मुळात हा सगळा वाद घरातला. जगाने आपल्याला सिंधूवरून ओळखलं. इराणी सम्राट दारियसच्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात त्याच्या मुलखांच्या यादीत 'हिंदुश' आहे. हे इसवीसनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं. तिथून ग्रीकांचे 'इंडोई', मग इंडिया. दगडावर कोरलेलं 'भारत' याच्या कितीतरी नंतरचं. तेव्हा जुनं नाव कोणतं?

अनुस्वार

इराणी हॉटेल, दगडावर आधी काय आलं आणि तोंडात आधी काय होतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पाठ करायची रीत होती, कोरायची नव्हती. आणि दारियसचा हिंदुश म्हणजे सिंधूकाठचा त्याचा प्रांत, अख्खा देश नव्हे. सिंधू-हिंदूवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

आता मूळ विषय. त्याआधी एक साफसफाई करते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते 'भा म्हणजे तेज, त्यात रत तो भारत' हे कृपया कोणी इथे आणू नका. वाचायला छान आहे, पण व्याकरण तसं चालत नाही. 'भरत' हा 'भृ' धातूवरून, वाहणारा, पोसणारा. 'भारत' हे त्यावरून पहिल्या स्वराची वृद्धी होऊन आलेलं रूप, पौरव-कौरव जसं. शतपथात अग्नीलाच 'भारत' म्हटलंय, कारण तो देवांना हवी वाहून नेतो. महाभारतात आकाशवाणी दुष्यंताला 'भरस्व पुत्रम्' म्हणते, मुलाला पोस, म्हणून मुलगा भरत. मत्स्य आणि वायू पुराणात तर प्रजेचं भरण करतो म्हणून मनूलाच भरत ठरवलंय. नाव आधी कानावर होतं आणि जो तो आपापली व्युत्पत्ती आणि आपापला भरत त्याला बसवत होता, असं मला यातून दिसतं. हा मुद्दा गोदाकाठ यांच्या बाजूचाच आहे.

पण पाटीलसाहेबांना एक विचारते. दुष्यंताच्या मुलावरून देशाचं नाव पडलं, असं महाभारतात नेमकं कुठे म्हटलंय? आदिपर्वातल्या श्लोकात 'येनेदं भारतं कुलम्' आहे. कूळ! भूमी नाही.

कुंभोजकर

अनुस्वारताईंनी दार उघडलंच आहे तर मी आत येतो.

देशाच्या नावाबद्दल पुराणं काय सांगतात ते कोणी वाचतच नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात स्पष्ट आहे: ऋषभाचा थोरला मुलगा भरत, त्याच्यावरून या वर्षाला, म्हणजे भूभागाला, भारत म्हणतात, त्याआधी याचं नाव 'अजनाभ' होतं. विष्णुपुराणातही तेच, ऋषभाने वनात जाताना हे राज्य भरताला दिलं म्हणून हे भारतवर्ष. हे वैष्णव ग्रंथ आहेत, आमचे नव्हेत. आमच्याकडे तर आदिनाथ ऋषभदेव, त्यांचे पुत्र भरत चक्रवर्ती आणि बाहुबली ही कथा लहानपणापासून अंगात मुरलेली. कुंभोजच्या बाहुबलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की बाहुबली कोणाशी लढला आणि जिंकत असताना का थांबला. जैन महाराष्ट्री प्राकृतातल्या 'वसुदेवहिंडी'त भरतावरून 'भारहवास' असं सरळ म्हटलंय. जिनसेनांचं आदिपुराण नवव्या शतकातलं, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातलं.

आणि इराणी हॉटेल ज्या दगडाबद्दल बोलले, तो भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीचा हाथीगुंफा लेख आहे ना? त्यात 'भरधवस', म्हणजे भारतवर्ष, हे नाव येतं. तो कोरून घेणारा खारवेल जैन. लेखाची सुरुवातच 'नमो अरहंतानं'. देशाचं हे नाव दगडावर पहिल्यांदा दिसतं ते जैन राजाच्या लेखात, हा निव्वळ योगायोग समजायचा का?

तर्कट

कुंभोजकर, बरं झालं खारवेल काढलात. तो लेख तुमच्याही विरुद्ध जातो आणि धागाकर्त्यांच्याही.

लेख काय सांगतो? खारवेल कलिंगाचा राजा. राज्याच्या दहाव्या वर्षी त्याने 'भरधवस'कडे स्वारी पाठवली. स्वारी पाठवली! माणूस आपल्याच देशावर स्वारी पाठवतो का? म्हणजे इसवीसनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कलिंगातल्या राजाच्या लेखी भारतवर्ष ही बाहेरची, उत्तरेकडची जागा होती. कलिंग त्यात नव्हतं. त्याच लेखात तो सातकर्णीला न जुमानता पश्चिमेकडे सैन्य पाठवल्याचं सांगतो. हा सातकर्णी आपला, सातवाहन. मग त्या काळात आपण कुठे होतो? नाणेघाटाच्या गुहेत जाऊन बघा. राणी नागनिकेच्या लेखात सातवाहन राजाची बिरुदं आहेत, त्यात 'दखिनापठपति' आहे. दक्षिणापथाचा स्वामी. भारताचा नव्हे. जुन्नरच्या वाटेने त्या घाटात चढलेल्यांनी भिंतीवरची ती झिजलेली अक्षरं पाहिली असतील, अर्ध्या ओळी वाऱ्यापावसाने खाल्ल्यात, पण हा शब्द अभ्यासकांनी वाचलाय. अशोक आपल्या मुलखाला काय म्हणतो? जंबुद्वीप. पतंजली काय म्हणतो? आर्यावर्त.

सांगायचं काय, तर रावीकाठची टोळी आणि आजचा देश यांच्या मध्ये हजार वर्षांचा खड्डा आहे. गोदाकाठ त्यावरून एका वाक्यात उडी मारतात: 'तिचं नाव पुढे हिमालयापासून समुद्रापर्यंत गेलं.' कसं गेलं? कोणी नेलं? टोळी तर कुरूंत विरून गेली. मेलेल्या टोळीचं नाव आपोआप वाढत नाही. माझ्या मते देशाचं नाव पुराणांच्या भुवनकोशातून, म्हणजे जगाच्या भूगोलाच्या प्रकरणातून, आलंय, जिथे जंबुद्वीपाची वर्षं पाडली आणि एका वर्षाला एक राजा नेमला. टोळीशी त्याचा संबंध नावापुरता. किंबहुना ऋषभाचा भरत त्या योजनेत जास्त चपखल बसतो, कारण तो भूगोलासाठीच तयार झालाय.

कुंभोजकर

'तयार झालाय' हा शब्द जपून वापरा.

तर्कट

'त्या योजनेत सांगितलाय' असं वाचा. मुद्दा बदलत नाही.

गोदाकाठ

तर्कटरावांनी खड्डा दाखवला ते बरं केलं, पण तो त्यांना वाटतो तितका रिकामा नाही. त्यात पायऱ्या आहेत.

राजसूयात राजाला अभिषेक करताना पुरोहित त्याला लोकांपुढे उभा करून म्हणतो, हा तुमचा राजा. कोणाचा? तैत्तिरीय संहितेत मंत्र आहे 'एष वो भरता राजा'. अहो भरतांनो, हा तुमचा राजा. काण्व संहितेत त्याच जागी 'कुरवः' आणि 'पञ्चालाः' आहे. म्हणजे एका शाखेत ताज्या राज्याचं नाव घातलंय आणि दुसऱ्या शाखेत 'भरत' हे जुनं, मानाचं नाव धरून ठेवलंय. तैत्तिरीय शाखा तर पुढे दक्षिणेत पार आंध्र-तमिळनाडूपर्यंत गेली. आपल्याकडच्याही कित्येक घरांची ती शाखा. रावी कधी न पाहिलेले लोक शतकानुशतकं तो मंत्र म्हणत आले. टोळी विरली म्हणता, पण नाव टोळीतून सुटून 'प्रजा' या अर्थाला येत होतं ते इथे समोर दिसतं.

दुसरी पायरी पाणिनी. त्याच्या सूत्रांत 'प्राच्यभरतेषु' असा शब्द आहे, पूर्वेकडचे लोक आणि भरत यांच्या गोत्रनामांना एक नियम लागू करताना. त्याला 'भरत' हा ओळखू येणारा लोकसमूह होता. पाणिनीवरची 'काशिका' टीका लिहिणारे त्या सूत्राला उदाहरणं कोणती देतात? 'युधिष्ठिराः', 'अर्जुनाः'. ही तिसरी पायरी, आणि सगळ्यात रुंद: महाभारत. भरतांच्या कुळाची गोष्ट गावोगाव गेली. भीष्मपर्वात संजय धृतराष्ट्राला सांगतो, 'वर्षं भारत भारतम्', हे भारता, भारत नावाच्या वर्षाचं वर्णन तुला ऐकवतो. एकाच चरणात कूळ आणि देश शेजारी शेजारी उभे आहेत. ऐकणाऱ्याला त्यांचा संबंध सांगावा लागत नव्हता.

खारवेलाचं म्हणाल तर ते माझ्या पथ्यावरच पडतं. भरधवस तेव्हा उत्तरेत होतं, म्हणजे नाव उत्तरेतून पसरत होतं आणि कलिंगापर्यंत अजून पोचायचं होतं. भुवनकोशवाल्यांनी कोऱ्या कागदावर नाव बनवलं असतं, तर ते असं एका कोपऱ्यातून वाढत आलेलं दिसलं नसतं.

पंचांगवाचक

तर्कट यांनी 'आपण कुठे होतो' असं विचारलं म्हणून लिहितो. पूजेला बसलात की आम्ही संकल्प सांगतो, तो किती जण ऐकतात कोण जाणे, बहुतेकांचं लक्ष फोनकडे. 'जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे.' पाकिटावर पत्ता लिहावा तसा आहे, फक्त मोठ्याकडून लहानाकडे. त्यात अशोकाचं जंबुद्वीपही आहे, तुमचं भारतवर्षही आहे आणि आपलं दंडकारण्यही. नावं एकमेकांना पुसत नाहीत, एकात एक बसतात. मार्कंडेय पुराणात भारतवर्षातल्या दक्षिणेकडच्या लोकांची यादी आहे, त्यात 'महाराष्ट्रा माहिषकाः कलिङ्गाश्च' एका ओळीत येतात. तेव्हा खारवेलाच्या काळी कलिंग बाहेर असेल, पुराण रचलं जाईपर्यंत ते आत आलं होतं. आपल्यासकट.

पाटीलवाडा

गुरुजी, लाख बोललात. पण मी माझी जागा सोडत नाही. गोदाकाठ म्हणतात वंशावळ शिवली. दोन हजार वर्षं सगळ्या ग्रंथांनी एकमुखाने पौरव भरत सांगितला आणि आपण आज ऋग्वेदातल्या चार ऋचा लावून म्हणायचं की ते भाट होते? पुरू आणि भरत हे भाऊबंद असूनही लढले असतील. भाऊबंदकी आपल्याला नवीन आहे का? कौरव-पांडव कोण होते? एकाच कुळातले. पणजोबाच्या कुळाला हरवल्याचं गाणं कसं गातील म्हणे! पेशवाईचा इतिहास वाचा, काका-पुतण्या वाचा, मग विचारा.

अनुस्वार

हा मुद्दा मात्र चांगला आहे. पुरूंपैकीच एक शाखा म्हणजे भरत, असं मानणारेही आहेत, आणि ऋग्वेदात पुरूंबद्दल सगळीकडे वैरच आहे असं नाही. गोदाकाठ, शिवण म्हणताना तुम्ही आधी दोन वेगळे तुकडे होते असं धरून चालता. ते सिद्ध करा.

रानवाटा

सगळं वाचलं. सगळे मिळून एकाच प्रश्नाभोवती फिरताय: कोणता भरत? मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कोणाचं नाव कोणावर?

दाशराज्ञाची कथा आपल्यापर्यंत आली ती जिंकणाऱ्यांच्या पुरोहिताच्या तोंडून. द्रुह्यू, अनू नदीत बुडाले हे आनंदाने सांगितलंय. त्यांच्या कवींनी काय म्हटलं ते राहिलं नाही. सुदास नंतर यमुनेकडे वळला, भेद नावाच्या शत्रूला हरवलं, आणि अज, शिग्रू, यक्षू यांनी घोड्यांची मुंडकी नजराणा म्हणून आणली. हे लोक कोण होते, कोणती भाषा बोलत होते? दोन शब्दांत उरले. आणि जे त्या सूक्तांच्या टापूतच नव्हते, गोंड, कोरकू, भिल्ल, वारली, संथाळ, त्यांचं तर नावही नाही. पंचांगवाचक गुरुजी प्रेमाने 'दंडकारण्ये देशे' म्हणतात. दंडकारण्यात राहणाऱ्याला विचारलंय का, की या पत्त्यात तुला राहायचंय का?

घटना समितीत १९ डिसेंबर १९४६ ला आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा बोलले ते काढून वाचा. त्यांनी सिंधू संस्कृतीशी आपलं नातं सांगितलं आणि समोर बसलेल्यांना स्पष्ट म्हटलं की माझ्या दृष्टीने तुमच्यातले बहुतेक उपरे, नव्याने आलेल्यांनीच माझ्या लोकांना जंगलात रेटलं. नावाच्या मुळाशी टोळी आहे हे गोदाकाठ कौतुकाने सांगतात. मग बाकीच्या टोळ्यांचाही हिशोब मांडा.

गोदाकाठ

रानवाटाताई, कौतुकाने नाही सांगितलं. उलट 'चक्रवर्ती सम्राटाचं नाव' म्हटलं की जो दरारा येतो, तो 'गुरं हाकायच्या काठ्यांसारखे' म्हटल्यावर उतरतो, म्हणूनच मला टोळीची बाजू बरी वाटते. आणि देशांची नावं जगभर अशीच पडलीत. फ्रँक ही जर्मॅनिक भाषा बोलणारी टोळी, तिचं नाव लागलं लॅटिनची पोर बोलणाऱ्या फ्रान्सला. अँगलांपेक्षा ब्रिटन लोक त्या बेटावर जुने, तरी इंग्लंड अँगलांचं. जर्मनीला फ्रेंच लोक आलेमान्य म्हणतात आणि फिनलंडवाले साक्सा, दोन्ही एकेका टोळीवरून. नाव देणारा आणि नाव लावणारा एकच असतो असं कुठेच दिसत नाही.

अनुस्वारताई, तुकडे वेगळे होते याला माझ्याकडे आठव्या सूक्ताचा आणि रावीकाठच्या फळीचा आधार आहे. पाटीलसाहेबांची भाऊबंदकी अशक्य नाही, पण मग दुष्यंताचा मुलगा त्या दोघांच्याही आधी ठेवावा लागेल, आणि ऋग्वेदात शकुंतला नाही की दुष्यंत नाही.

रानवाटा

फ्रँक-अँगलचं उदाहरण नेहमी येतं. फरक एवढाच की फ्रान्समध्ये कोणी पूजेत फ्रँकांचं नाव घेऊन पत्ता सांगत नाही.

तर्कट

जयपाल सिंगांचा विषय निघालाच आहे तर घटना समितीचं दुसरं टोकही पाहा. १८ सप्टेंबर १९४९. पहिल्या कलमावर चर्चा. ह. वि. कामत यांची सूचना होती की आधी 'भारत' म्हणा आणि इंग्रजी भाषेत इंडिया असं मागाहून लिहा. नावांचा उगम कुठून, हे ते सांगू लागले, तेव्हा बाबासाहेबांनी मध्येच विचारलं की हे सगळं मुळापासून धुंडाळायची गरज आहे का, वेळ थोडा आहे, काही प्रमाण हवं. सूचना मताला टाकली आणि ३८ विरुद्ध ५१ ने पडली. म्हणजे आज आपण जे भांडतोय ते भांडण समितीने निकालात काढलंच नाही. दुष्यंताचा भरत, ऋषभाचा भरत, रावीवरची टोळी, यांतलं काहीही न ठरवता 'इंडिया, म्हणजेच भारत' असं लिहून पुढच्या कलमाला हात घातला. रानवाटा, हे तुमच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. घटनेतलं भारत कुठल्याच भरताचं वारसदार नाही.

पाटीलवाडा

३८ मतं होती ना? मग कुठल्याच भरताचं नाही असं कसं म्हणता? त्या ३८ जणांना कोणता तरी भरत डोळ्यासमोर असेलच की.

तर्कट

असेल. मतपत्रिकेवर नव्हता.

रानवाटा

उत्तर नाही ते, तर्कट. घटनेने नाव ठेवलं आणि त्यामागची गोष्ट सोडून दिली, बरोबर. पण पाठ्यपुस्तकात गोष्ट ठेवली आणि बाकीचं सोडलं. दोन मार्कांचा तो प्रश्न गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या माडिया मुलीलाही येतो, आणि तिच्या उत्तराचा साचाही तोच. मला त्या प्रश्नाबद्दल बोलायचंय, कामतांच्या सूचनेबद्दल नाही.

गोदाकाठ

मग पुढचं त्यावरच लिहू या. पाठ्यपुस्तकात काय असावं याला माझी सूचना: विश्वामित्र-नदी संवाद आणि दाशराज्ञ दोन्ही घ्यावेत, हरलेल्यांच्या नावांच्या यादीसकट. खारवेलाचा लेखही घ्यावा, म्हणजे कलिंग बाहेर होतं हे मुलांना कळेल. कुंभोजकर, ऋषभाच्या भरतावर एक परिच्छेद तुम्ही लिहून द्या.

कुंभोजकर

देतो. पण 'काही लोक असे मानतात' या शब्दांनी सुरुवात करायची नाही, ही अट.

पाटीलवाडा

माझीही तीच अट दुष्यंतासाठी.